दाखला जोडला आहे काय?

लोकांना वाटतं, माणूस कोर्टात न्याय मागायला येतो. माझ्या टेबलापुरतं सांगायचं तर तो आधी झेरॉक्सचं दुकान कुठं आहे ते विचारायला येतो. तेहतीस वर्षं कोर्टात नोकरी केली, त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं एकाच टेबलावर गेली, आणि त्या दुकानदारानं मला दिवाळीला कधी साधा पेढा दिला नाही. असो.

माझं टेबल होतं विधी सेवा समितीचं. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जी चूक सांगणार आहे ती माझी आहे, तालुक्याची नाही. समिती हे नाव घेऊन आमच्याकडे कोणी कधी आलं नाही. दारात उभं राहून विचारायचे, "फुकटचा वकील अठीच भेटते का जी?" मी म्हणायचो, "भेटते. बसा." ज्याची वकील लावायची ऐपत नाही त्याला सरकारखर्चानं वकील द्यायचा, एवढंच हे काम. अर्ज घ्यायचा, कागद पाहायचे, समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे जजसाहेब, त्यांच्यापुढं ठेवायचा, आणि यादीतला एक वकील नेमून द्यायचा. ऐकायला सोपं आहे. माणसं सोपी नसतात.

एक म्हातारेबुवा दर दोन महिन्यांनी यायचे. भावकीत बांधावरून भांडण होणार अशी त्यांची खात्री होती. झालेलं नव्हतं. म्हणाले, "वकील राखून ठेवा. भांडण झालं की मी फोन करतो." मी म्हटलं, "बुवा, वकील काय एस्टीतली सीट आहे का, रुमाल टाकून राखायला?" ते रागावून गेले आणि दोन महिन्यांनी पुन्हा आले. भांडण अजून झालेलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना वाईट वाटत होतं.

तर या टेबलावर मला दोन गोष्टींचा मोठा अभिमान होता. एक माझा नमुना आणि दुसरी माझी चिठ्ठी.

नमुना म्हणजे अर्जाचा फॉर्म. माझ्या आधीच्या बाबूंनी जो दिला तो पुसट, वाकडा, झेरॉक्सची झेरॉक्स. मी तो नव्यानं टाईप केला. अकरा रकाने, चारी बाजूंनी चौकट, खाली अंगठ्यासाठी वेगळी जागा. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तो हातात धरून "व्यवस्थित आहे" असं म्हटलं होतं. त्या दोन शब्दांवर मी कैक वर्षं काढली. त्यात सातवा रकाना होता, "उत्पन्नाचा दाखला जोडला आहे काय?" तहसीलदाराचा, चालू वर्षाचा. तो नसला तर अर्ज अपूर्ण, आणि अपूर्ण अर्जांचा एक वेगळा गठ्ठा, लाल कापडात बांधलेला.

हा सातवा रकाना कुठून आला, तर तो बाबूंच्याच वेळचा. एकदा म्हणे कोणा सराफाची बायको कोपरापर्यंत बांगड्या घालून आली आणि फुकटचा वकील घेऊन गेली. तेव्हाचे साहेब चिडले, म्हणाले, यापुढं सगळ्यांकडून दाखला घ्या. साहेब तीन वर्षांनी बदलून गेले. दाखला राहिला. आमच्याकडे साहेब जातात, कागद राहतात.

आता चिठ्ठी. खेड्यातून आलेल्या माणसाला तोंडी सांगितलेलं एस्टी स्टँडपर्यंतही टिकत नाही. अर्धं तो विसरतो, उरलेलं गावातला शहाणा बिघडवतो. म्हणून मी दिवसाच्या बोर्डाचे, म्हणजे केसेसच्या यादीचे, वापरून झालेले कागद चौकोनी फाडून ठेवायचो आणि पाठकोऱ्या बाजूवर काय आणायचं ते लिहून द्यायचो. खाली तारीख आणि सही. माझी सही म्हणजे कोंबडीनं शेणात पाय फिरवावा तशी, पण चिठ्ठी ठसठशीत. माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हे माझं तत्त्व होतं. आज लिहिताना कळतं की मी त्याला परतच पाठवत होतो, फक्त हातात चिठ्ठी देऊन.

रिटायर व्हायला वर्ष राहिलं असेल, तेव्हा बुलढाण्याहून पत्र आलं. देशभरासाठी मोफत वकिलाच्या अर्जाचा एकच नमुना ठरला आहे, सर्व तालुक्यांच्या लिपिकांनी आपापला सध्याचा नमुना घेऊन बैठकीला हजर राहावं. मी माझा नमुना प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. खरं सांगतो, मनात असं होतं की आपला पाहून म्हणतील, हाच ठेवू.

जिल्ह्याच्या सचिव मॅडम स्वतः न्यायाधीश. वय चाळिशीच्या आत, बोलणं हळू. त्यांनी सगळ्या तालुक्यांचे फॉर्म लांब टेबलावर ओळीनं मांडायला लावले. कायदा एक, जिल्हा एक, आणि फॉर्म म्हणाल तर जितके तालुके तितके. कोणी सरपंचाचा रहिवासी दाखला मागत होतं, कोणी पोलीस पाटलाकडून चारित्र्याचा. कोणी दोन फोटो, कोणी पाच. एका तालुक्यात रेशनकार्ड चालायचं, शेजारच्यात ते दाखवलं की अर्ज फेटाळायचे. मॅडम प्रत्येक कागदावर बोट ठेवून एकच प्रश्न विचारत होत्या, "हा का मागता?" आणि प्रत्येकाचं उत्तर एकच, "पहिल्यापासून आहे, मॅडम."

एकजण जेलमधल्या कैद्यांकडूनही उत्पन्नाचा दाखला घ्यायचा. मॅडमनी चष्मा काढला. "तो बराकीतून तहसीलमध्ये कसा जाणार?"

"त्याचा भाऊ आणते, मॅडम."

"आणि भाऊ नसला तर?"

तो बिचारा शेजारच्याकडे पाहायला लागला. आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसलो.

मग माझा फोल्डर उघडला गेला. मॅडमनी कायद्याचं पुस्तक उघडलं आणि कोणाकोणाला मोफत वकील मिळतो ती यादी वाचली. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मुलं, अपंग, अटकेतला माणूस. "आणि इथं एक शब्द लिहिलाय, स्त्री. पुढं काही नाही. गरीब स्त्री नाही, दाखलेवाली स्त्री नाही. उत्पन्नाची अट या यादीबाहेरच्यांना आहे, आणि त्यांचंही प्रतिज्ञापत्र पुरतं." मग लाल पेन घेऊन माझ्या चौकटीतला सातवा रकाना त्यांनी आडवा कापला.

मला राहवलं नाही. उठून म्हणालो, "मॅडम, पन्नास एकराच्या बागायतदाराची बायकोही स्त्रीच की."

त्या म्हणाल्या, "बागायत नवऱ्याकडे आहे. तिच्याकडे काय आहे?"

मी खाली बसलो. परतीच्या बसमध्ये मॅडमवर रागावलो होतो, पण राग काही टिकेना. बसल्या जागी एकेक चेहरा आठवायला लागला. डोक्यावर पदर, हातात पिशवी, आणि माझं वाक्य, "बाई, दाखला आणा." घरी आल्यावर बायकोला सांगितलं. आमची मंडळी पिंपळगाव राजाची, तिच्या जिभेला सुट्टी नसते. ती म्हणाली, "तुमी पुऱ्या तालुक्याले कागद मांगता, अन् घरी गॅसचं पुस्तक तीन दिवसांपासून सापडून नाही राह्यलं."

दुसऱ्या दिवशी लाल कापडाचा गठ्ठा सोडला. बायकांचे अर्ज वेगळे काढायला लागलो, मोजायलाही लागलो आणि मग मोजायचं सोडून दिलं. प्रत्येकावर माझाच शेरा, "दाखला नाही. अपूर्ण." मी एकेक नाव घेऊन दाव्यांच्या रजिस्टरात पाहायला लागलो. बऱ्याच जणींचं काही सापडलं नाही. त्या कोर्टापर्यंत पोचल्याच नव्हत्या. वच्छलाबाईचं नाव सापडलं.

मला ती आठवत होती. पन्नाशीची, शेतकऱ्याघरची विधवा, मूलबाळ नाही. दिरानं तिच्यावर दावा लावला होता की राहतं घर ग्रामपंचायतीत माझ्या नावावर आहे, ही आमच्या मर्जीनं राहत होती, आता खाली करावं. समन्स घेऊन ती माझ्याकडे आली होती. समन्स मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत आपलं म्हणणं लिहून द्यावं लागतं, त्याला कैफियत म्हणतात. ती दिली नाही तर दावा एकतर्फी चालतो. तिला वकील हवा होता आणि दिवस मोजके होते. मी तिला पहिली चिठ्ठी दिली, उत्पन्नाचा दाखला आणावा. तिनं आणला, पण त्यात उत्पन्न मर्यादेच्या वर. नवऱ्याची जमीन अजून दिरांसोबत एकत्र, सातबारावर सगळ्यांची नावं, आणि तलाठ्यानं पूर्ण खात्याची कमाई बाईच्या माथी लिहिली. जमिनीतला एक दाणा तिच्या घरात येत नव्हता. मी दुसरी चिठ्ठी दिली, स्वतःच्या उत्पन्नाचा आणावा. तो तलाठी देईना, कारण त्याचं दिराकडे रोजचं बसणं-उठणं. ती रेशनकार्ड घेऊन आली. मी तिसरी चिठ्ठी दिली, रेशनकार्ड चालत नाही, दाखलाच आणावा. 'दाखलाच'च्या खाली मी रेघ मारली होती, तीही मला आठवते. मग ती आलीच नाही.

रजिस्टर सांगत होतं की दावा एकतर्फी मंजूर झाला, हुकूमनामा झाला, आणि घराचा ताबा मिळावा म्हणून दिरानं दरखास्तही टाकली. म्हणजे आता काही आठवड्यांत आमचाच बेलिफ वॉरंट घेऊन तिच्या दारात उभा राहणार.

मी एक दिवसाची रजा टाकली आणि तिच्या गावाची बस पकडली. मोताळ्याचा बाजार होता, बसमध्ये माणसांपेक्षा पिशव्या जास्त. गावात गेलो तर बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, बाजूला बिब्ब्याचं झाड. मला पाहून उठली, पदर सारखा केला. मी अजून एक शब्द बोललो नव्हतो, तोच म्हणाली, "साहेब, दाखला तं अजून नाही भेटला."

मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही. तिच्या आवाजात तक्रार असती तर मी काहीतरी बचाव केला असता. ती माझीच माफी मागत होती.

मी म्हणालो, "बाई, दाखला लागतच नव्हता. माझी चूक झाली."

ती म्हणाली, "मंग तुमी मले तीनदा काऊन पाठवलं?"

सराफाच्या बायकोच्या बांगड्यांची गोष्ट तिला कशी सांगणार? मी विचारलं, कागद काय काय आहेत. ती आत गेली आणि देवाच्या फळीवरून प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, समन्स, आणि घड्या घालून ठेवलेल्या माझ्या तीन चिठ्ठ्या. "तुमी लिहून देलं होतं," ती म्हणाली, "म्हनून ठिवलं."

तिचा अर्ज नव्या नमुन्यावर त्याच आठवड्यात झाला. मला आठवतं, तो भरायला दहा मिनिटं लागली. यादीतल्या तायडे वकील तिला नेमून मिळाल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, डोकं तल्लख, मला काका म्हणायच्या. त्यांनी ताबा थांबवायला आणि एकतर्फी हुकूमनामा रद्द करायला अर्ज तयार केले. अडचण एकच, मुदत कधीच उलटून गेली होती. मुदतीनंतर यायचं तर उशीर का झाला हे कोर्टाला पटवावं लागतं.

"कारण आहे काका," तायडे म्हणाल्या. "चिठ्ठ्या आहेत. पण त्या कोणी लिहिल्या हे शपथेवर सांगायला माणूस लागेल. समोरचे म्हणतील, बाईनं आता घरी बसून लिहिल्या."

म्हणजे मी. माझ्याच कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, माझ्याच चुकीचा साक्षीदार. रिटायर व्हायला आठ महिने. पेन्शनचे कागद वर जायचे होते. आमचा बेलिफ माझा जुना मित्र, मनानं चांगला. तो चहा पिता पिता म्हणाला, "तुमी काऊन पडून राह्यले याच्यात? त्या सहीवरून तुमचं नाव ब्रह्मदेवाले वाचता येत नाही. माही नाही म्हना, मोकळे व्हा."

त्यानं चेष्टेत म्हटलं होतं, पण मी त्यावर दोन दिवस विचार केला, हे लपवत नाही. सही खरंच वाचता येत नव्हती. कोणी मला विचारलंही नसतं. घरी बायकोपुढं विषय काढला, पेन्शनचं भय घातलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मंग? त्या बाईचं घर गेलं तं तुमची पेन्शन गोड लागन का आपल्याले?" आणि भाकरी तव्यावर टाकली. विषय संपला.

जजसाहेबांची रीतसर परवानगी घेतली. साक्ष त्याच इमारतीत, पण दुसऱ्या साहेबांपुढं होती. ज्या पिंजऱ्यात मी हजारो माणसं चढताना पाहिली, त्याच्या पायरीला माझी चप्पल अडकली. शपथ घेतली. तिन्ही चिठ्ठ्या दाखवल्या, माझ्या आहेत म्हणालो, त्यांवर निशाणीचे, म्हणजे कोर्टात दाखल पुराव्याचे, नंबर पडले. दिराचे वकील माझ्या ओळखीचे, रोज कॅन्टीनला भेटायचे. त्यांनी उलटतपास सुरू केला.

"बाबूजी, नोकरी किती झाली?"

"तेहतिसावं चालू आहे."

"विधी सेवेच्या टेबलावर?"

"बारा वर्षं झाली."

"या बारा वर्षांत विधी सेवेचा कायदा वाचला होता?"

"नाही."

"मग काय वाचत होता?"

"फॉर्म."

मागच्या बाकांवर हशा झाला. साहेबांनीही पेन ओठांवर धरलं. वकिलांनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले, बाईनं तुम्हाला काही दिलं का, तुम्ही नातेवाईक आहात का. मी नाही म्हणत गेलो. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे चूक तुमची, आणि शिक्षा माझ्या पक्षकाराला?" तेव्हा साहेबच बोलले, "चूक यांची आणि शिक्षा आतापर्यंत त्या बाईला होत होती, वकीलसाहेब."

उशीर माफ झाला, हुकूमनामा रद्द झाला, दावा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. तायडेंनी कैफियत दिली, घरपट्टीच्या पावत्या लावल्या. वीस वर्षांची घरपट्टी बाईच्या नवऱ्यानं भरली होती. दिराच्या वकिलांनी त्या पाहिल्या आणि पुढच्याच लोकअदालतीत तडजोडीला आले. घर वच्छलाबाईच्या नावावर, आणि जमिनीत तिच्या नवऱ्याचा हिस्सा वेगळा काढून दिला. मला खुलासा मागणारं पत्र आलं. मी लिहिलं, चूक मान्य आहे. "समज देण्यात येते" असा शेरा मिळाला. तेहतीस वर्षांत समज मिळाली एकदाच, पण अगदी वेळेवर. पेन्शनही वेळेवर सुरू झाली.

गठ्ठ्यातल्या बाकीच्या बायकांना मी पत्रं पाठवली. काही आल्या. धामणगाव बढ्याची एक तर पत्र हातात नाचवत आली, मलाच रागावली आणि वकील घेऊन गेली. तिचं मला बरं वाटलं. पुष्कळ पत्रं पोस्टमननं शेरा मारून परत आणली. ती मी टाकून दिली नाहीत. नव्या लिपिकाच्या ताब्यात दिली आणि सांगितलं, नमुना कितीही सुबक असला तरी महिन्यातून एकदा पुस्तक उघडत जा. तो हो म्हणाला. आम्हीही बाबूंना हो म्हणालो होतो.

माझ्या शेवटच्या आठवड्यात वच्छलाबाई ऑफिसला आली. सोबत डब्यात वाळल्या तुरीची उसळ. टेबलासमोर बसली आणि म्हणाली, "साहेब, माह्या त्या तीन चिठ्ठ्या वापस नाही भेटत का?"

"नाही बाई. त्या आता कोर्टाच्या. नंबर पडले त्यांच्यावर."

तिला ते आवडलं नाही. तिनं पिशवी चाचपली. मग म्हणाली, "मंग एक नवी लिहून द्या."

"आता कशाची? तुमचं काम झालं."

"झालं म्हनून काय झालं? उद्या तुमी जासान, दुसरा साहेब येईन, तो म्हनन दाखला आन. मले कागद पाह्यजे."

मी हसलो, पण ती हसत नव्हती. बोर्डाचा एक जुना कागद घेतला, चौकोनी फाडला आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं, "वच्छलाबाईंनी यापुढे कोणताही दाखला आणू नये." खाली तारीख घातली. सही करायला पेन टेकवलं, थांबलो, आणि मग सावकाश, एकेक अक्षर सुटं काढून, माझं पूर्ण नाव लिहिलं.